किमान दहा वर्षं

रणधीरच्या मनगटावरचा दिवा पिवळा झाला तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि धनश्री गच्चीवर सासूच्या चादरी वाळत घालत होती. खालून तिला त्याची हाक ऐकू आली. हाक कसली, नुसतं "धनू" एवढंच. पण त्या आवाजात त्याने तिला गेल्या तीन वर्षांत बोलावलं नव्हतं. हातातली ओली चादर कठड्यावर टाकून ती दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली.

रणधीर आईच्या खोलीत होता. त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकायचं नाही असं घरात ठरलेलं होतं, आणि ठरवणारी धनश्रीच होती. तो कॉटच्या कडेला बसला होता. त्याची आई, मालनअक्का, त्याची उजवी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून डोळे मिटून पडली होती. मनगटावर काळी पट्टी आणि तिच्यावर तो मुगाच्या डाळीएवढा पिवळा दिवा.

"मूठ उघड," धनश्री हळूच म्हणाली.

"आईनं दिलंय काहीतरी. गुळाचा खडा असेल म्हटलं. मूठ झाक, बायको बघेल, म्हणाली. मग हात सोडेनाच. अर्धा तास झाला असेल."

"रणधीर, मूठ उघड."

त्याने उघडली. तळहात घामाने चिकट झाला होता आणि मधोमध एक पांढरी गोळी होती, कडा विरघळलेली. गोळीवरचा आकडा अजून वाचता येत होता. तो बघायची दोघांनाही गरज नव्हती. ती मॉर्फिनची होती.

त्या पट्टीचं सरकारी नाव 'साक्षी'. इचलकरंजीत तिला सगळे बिनकाट्याचं घड्याळ म्हणत, कारण ती वेळ सोडून बाकी सगळं सांगायची. अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल ज्याला एकदा शिक्षा झाली, त्याच्या मनगटावर सुटल्यापासून ती पाच वर्षं असे. पट्टीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक तंतू असतात. त्यांच्यावर प्रयोगशाळेत घडवलेली प्रथिनं चिकटवलेली असतात, आणि एकेका प्रथिनाचा साचा असा, की त्यात एकाच जातीचा रेणू बसावा. घामातून तो आला की तंतूतून वाहणारी वीज किंचित बदलते आणि पट्टीला कळतं. इथवर नवं काहीच नव्हतं. मधुमेहाच्या रोग्यांची साखर तशीच मोजत असत.

नवी होती ती पुढची हुशारी. मॉर्फिन पोटात गेलं की यकृत त्याला साखरेच्या भावंडांतल्या एका रेणूचं शेपूट जोडतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून शरीराबाहेर जावं. हातात धरलेल्या मॉर्फिनला हे शेपूट नसतं. तेव्हा घामात शेपूटवालं सापडलं तर माणसाने ते घेतलं, आणि नुसतं बिनशेपटाचं सापडलं तर त्याने ते जवळ बाळगलं. पट्टी दोन्हींतला फरक ओळखायची आणि आजवर एकदाही चुकलेली नव्हती. ती चुकत नव्हती, हीच तर सगळ्यांची अडचण होती.

कारण सहा वर्षांपूर्वी पुनरावृत्तीचा कायदा आला होता. पहिल्यांदा सापडलात तर किती शिक्षा द्यायची ते न्यायाधीश ठरवणार. दुसऱ्यांदा अमली पदार्थाचा 'ताबा' सिद्ध झाला तर किमान दहा वर्षं. जास्त देता येतील, कमी नाही. माणूस कोण, वस्तू किती, ती त्याच्याकडे आली कशी, यातलं काहीही बघण्याची न्यायाधीशाला मुभा नव्हती. जयसिंगपूरच्या एका रिक्षावाल्याच्या सीटखाली कुणी प्रवासी पुडी विसरून गेला. त्याने ती उचलून, उलगडून बघितली, एवढाच त्याचा दुसरा गुन्हा. न्यायाधीशबाईंनी निकालपत्रात लिहिलं की आपला या माणसावर पूर्ण विश्वास आहे, आणि त्याला दहा वर्षं दिली.

'सेवन' मात्र वेगळं. सेवन करणारा रोगी, त्याला सहा महिने उपचार केंद्र. पट्टी बनवणारी शास्त्रज्ञ मंडळी भली होती. ती म्हणाली, व्यसनी माणूस गोळी खाण्याआधी हातात घेणारच, आणि शेपूट घामात उतरायला वेळ लागतो. तेव्हा घाई करू नका. म्हणून पहिला रेणू सापडला की दिवा पिवळा होई आणि तीन तास नोंद चालू राही. शेपूट सापडलं की लगेच, नाहीतर तीन तास संपले की पट्टी निष्कर्ष पाठवी. निळा दिवा म्हणजे सेवन, लाल म्हणजे ताबा.

म्हणजे दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत.

धनश्रीने रबरी हातमोजा घालून गोळी उचलली आणि एका वाटीत ठेवली. तेवढ्यात मालनअक्कांनी डोळे उघडले.

"बघितलंस व्हय शेवटी?" त्या पकडल्या गेल्यासारख्या हसल्या. "अगं, त्याची पाठ दुखतीया. चार दिस झालं, वाकला की कण्हतोय. मला ही गोळी घेतली की कसं गार वाटतंय. म्हटलं, एक त्याला बी द्यावी."

"पण ही आली कुठून, आई? मी स्वतः तुम्हाला देते."

"रातची गालात धरून ठिवली. तू दिवा घालवून गेलीस, मग काढली."

"म्हणजे रात्री तुम्ही गोळीच घेतली नाही? दुखलं नाही?"

"दुखलं की. त्यात काय." मालनअक्कांनी मुलाच्या दंडावरून हात फिरवला. "चार म्हयनं झालं, लेकरू दारातनंच बोलतंय. खरूज झाली म्हणून काय आईनं हात बी लावायचा न्हाई? आज मी रडलो तवा आला बघ आत."

खरजेची थाप धनश्रीचीच. मालनअक्कांच्या पोटात गाठ निघाली, डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला आणि ह्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा तिने घराचे नियम केले. परवाना तिच्या नावावर, कपाटाची किल्ली तिच्याकडे, हात लावायचा तो हातमोजे घालून, आणि रणधीरने उंबऱ्याबाहेर थांबायचं. आईला मात्र 'दुखण्याची गोळी' एवढंच सांगितलेलं. ज्या गोळ्यांपायी आपला मुलगा तुरुंगात गेला त्याच जातीची ही आहे असं कळलं असतं, तर म्हातारीने तिला तोंड लावलं नसतं आणि किंचाळत दिवस काढले असते. धनश्रीला वाटलं होतं, आपण फार शहाणपणाने वागतोय. आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काय झालं गं? तोंड का उतरलं?" मालनअक्कांनी विचारलं.

"काही नाही, आई. पडा तुम्ही."

बाहेर येऊन तिने वकिलांना फोन लावला. ॲडव्होकेट शेडबाळे पहिल्या खटल्यातही त्यांचे होते. तेव्हा ते कोर्टात तासतासभर बोलायचे. नवा कायदा आल्यापासून त्यांना बोलायचं काही उरलंच नव्हतं. पट्टी सांगेल ते खरं आणि शिक्षा छापील. आता ते नुसते घड्याळाकडे बघत.

"हात धुतला का त्यानं, वहिनी?"

"धुतला आत्ताच."

"बरं. त्यानं बिघडत काही नाही आणि सुधारत पण नाही. पट्टीला हात लावू नका फक्त. काढली किंवा कापली तर ताबा धरूनच चालतात."

"आईंनी दिली म्हणून सांगितलं तर? त्यांच्या नावाची गोळी आहे. खरंच आहे ते."

"खरंच आहे, पण मग आई पुरवठादार झाल्या. वयामुळं अटक नाही करणार, पण परवाना रद्द आणि गोळ्या आजच्या आज जमा. ह्याची दहा वर्षं तरीबी राहतीलच."

"न्यायाधीशांना समजावून सांगितलं तर?"

"समजतंय ओ त्यांना. समजून करतील काय?"

धनश्रीने भिंतीला पाठ टेकली. रणधीर परसातल्या पायरीवर बसून पट्टीकडे बघत होता. फोन स्पीकरवर होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"वहिनी," शेडबाळे म्हणाले, "मी सल्ला देत नाही. मी नुसतं कलम वाचतो. नोंद बंद व्हायच्या आत शेपूटवाला रेणू सापडला, तर निष्कर्ष सेवन होतो. किती सापडला ह्याला महत्त्व नाही. सेवनाला सहा महिने केंद्र. वस्तू कुठून आणली हे केंद्रात विचारत नाहीत, तसा नियमच आहे. घामात उतरायला तासभर लागतो. दीड धरा."

मग तिने विचारलं, "असं कलम तुम्ही किती जणांना वाचून दाखवलंय?"

"ह्या वर्षी नऊ."

"आणि त्यातून ते बाहेर आले?"

"तुरुंगात एकजण पण गेला नाही," शेडबाळे म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही. माझ्याकडं परत कोण येत नाही."

फोन बंद झाला. अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

"नाही," रणधीर पायरीवरूनच म्हणाला. तिने अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं.

"एकदाच. अर्धीच राहिलीय ती."

"धनू, नाही."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "दहा वर्षं, रणधीर. तुला कळतंय का? आई दहा महिने काढणार नाहीत. माती द्यायला पण सोडणार नाहीत तुला. आणि मी? मी काय करू इथं दहा वर्षं?"

"तुला एक सांगितलं नाही कधी." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "रोज सकाळी जाग आली की पहिला विचार तोच येतो. तीन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. आज नको, एवढंच म्हणायचं आणि उठायचं. आज नको म्हणून म्हणून इतकं आलोय. तुरुंगात मी जातो. तिथं मी मीच असेन. ती खाल्ली तर कोण उरेल ते मला माहीत आहे, आणि तुलाबी माहीत आहे की."

तिला माहीत होतं. यंत्रमागात बोट सापडून तुटलं तेव्हा दवाखान्यातून सुरुवात झाली होती. बोट भरून आलं, गोळी सुटली नाही. मग त्याने घरातला गॅस विकला, तिच्या माहेरच्या लग्नात पाहुण्यांच्या बॅगा उचकल्या, आणि अकरा गोळ्या डब्यात घालून कामावर जाताना पकडला गेला. तुरुंगातून सुटून आला तरी तलफ सुटली नव्हती. मग तिने त्याला रिकाम्या मागाच्या खोलीत बावीस दिवस कोंडलं. आतून तो हात जोडायचा, शिव्या द्यायचा, मध्येच एकदम गोड बोलायचा. त्या गोड बोलण्याला ती सगळ्यात जास्त घाबरायची. तेविसाव्या दिवशी त्याने भाकरी मागितली आणि ती दारात बसून हमसून हमसून रडली होती. तो माणूस तिने स्वतःच्या हातांनी परत मिळवला होता.

"मी आंघोळ करून घेतो," रणधीर उठत म्हणाला. "पोलीस तीनपर्यंत येतील. तो निळा शर्ट काढून ठेव. आणि आईला काय सांगायचं ते बघ. पुण्याला कामाला गेलो म्हण." मोरीच्या दारात थांबून तो म्हणाला, "तू पण जरा तोंड धू."

त्याचा आवाज स्थिर होता आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. ह्याने आपलं ठरवून टाकलं. ह्याला जायचंय, शर्टसुद्धा निवडून झाला. मागे राहणार मी. आईचं करणार मी, त्यांना खांदा देणारे शोधणार मी, महिन्यातून एकदा कळंब्याच्या तुरुंगाच्या रांगेत उभी राहणार मी. मला कुणी विचारलं?

मोरीत पाणी पडू लागलं. साडेबारा होत आले होते. धनश्रीने निळा शर्ट काढला, खुर्चीवर ठेवला, त्याची कॉलर सारखी केली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला.

आलं नेहमीच्या दुप्पट किसलं. साखर चार चमचे. वाटीतली अर्धी गोळी चमच्याच्या पाठीने दाबली तर तिचा भुगा झाला, काही जोरच लागला नाही. तिचे हात थरथरत नव्हते. नंतर ती पुष्कळदा याच गोष्टीवर अडायची, की हात थरथरले कसे नाहीत. चहा गाळून तिने भुगा त्यात टाकला आणि ढवळला. बारा चाळीस.

तो शर्ट घालून बाहेर आला, केसांना पाणी लागलेलं, एखाद्या कार्याला निघाल्यासारखा. तिने कप पुढे केला. तो भिंतीला टेकून खाली बसला, फुंकर मारली, आणि पहिला घोट घेतला.

घोट तोंडातच राहिला.

ती कडू चव आल्याखाली आणि साखरेखाली लपण्यातली नव्हती, निदान त्याच्या जिभेला तरी नाही. त्याने मान वर करून धनश्रीकडे बघितलं. थुंक, मी चुकले, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पी, असंही आलं. दोन्हींतलं काहीच बाहेर पडलं नाही. मोरी चार पावलांवर होती. तो उठला असता तर तिने त्याला अडवलं नसतं, एवढं ती शपथेवर सांगू शकली असती.

त्याने घोट गिळला. मग दुसरा घेतला. मग न थांबता कप संपवला.

तिने रिकामा कप घ्यायला हात पुढे केला. त्याने तो दिला नाही. कपात बोट घालून त्याने तळाला राहिलेला पांढरट गाळ पुसून काढला, बोट चाटलं, आणि पुन्हा एकदा कपात फिरवलं. धनश्रीने ते बघितलं. बघून तिने खिडकीकडे तोंड केलं आणि पिवळ्या दिव्याचं काय होतंय याचाच विचार करायचा असं ठरवलं.

एक वाजला. सव्वा वाजला. मालनअक्कांना पेज भरवून झाली. दीड वाजला, दिवा पिवळाच. पट्टी बिघडली असेल, गोळी जुनी असेल, तोंडात आणि मुठीत विरघळून उरलेली पुरलीच नसेल, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं. म्हणजे दोन्हीकडून गेलं, तोही आणि दहा वर्षंही. ती देवाच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली, पण नक्की काय मागायचं ते तिला सुचेना.

एक वाजून बावन्न मिनिटांनी दिवा निळा झाला.

दोघांचेही फोन एकदम वाजले. 'निष्कर्ष: सेवन. सात दिवसांच्या आत उपचार केंद्रात हजर व्हावे.' तिने ते तीनदा वाचलं. मग ती जमिनीवर बसून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. पोलीस येणार नव्हते. आईची गोळी चालू राहणार होती. सहा महिने म्हणजे काय, बघता बघता जातील. दहा वर्षं तिने एका कपात बुडवून टाकली होती.

"रणधीर, वाचलो रे."

"हं."

तो त्याच भिंतीला टेकून बसला होता. चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषा सैल पडल्या होत्या, खांदे उतरले होते. किती छान दिसतोय, असं क्षणभर तिला वाटलं. मग तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यांतल्या काळ्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"ये ना इथं," तो म्हणाला. ती जवळ गेली. त्याने तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याने हळूहळू कुरवाळला. "किती दमलीयस गं तू. चार महिने एकटीच करतीयस सगळं. आता ती पट्टीची पण भीती नाही, केंद्रात जाईपर्यंत सात दिवस काही विचारत नाहीत. आईची पुढची गोळी किती वाजता असते? मी देत जातो."

इतक्या गोड आवाजात तो शेवटचं बोलला होता तेव्हा दोघांच्या मध्ये मागाच्या खोलीचं बंद दार होतं.

धनश्रीने हात सोडवून घेतला. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधलेली होती, ती तिने मुठीत घट्ट धरली आणि दोन पावलं मागे सरली. तिला त्याची भीती वाटत होती. घरात आत म्हातारी होती, कपाटात पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या, आणि सात दिवस काढायचे होते.

"दे की किल्ली," रणधीर म्हणाला आणि हात पुढे केला.

तिने मान हलवली.

तो हसला. हात मात्र त्याने मागे घेतला नाही, तसाच पुढे धरून बसून राहिला. त्याला आता कसलीच घाई नव्हती.